एक हात राहिलाय

डोपकाकांनी उभ्या आयुष्यात पूर्ण केलेली एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे नोकरी. तीही सरकारने वय झालं म्हणून संपवली; त्यांच्यावर सोडलं असतं तर तिथेही थोडं राहिलंच असतं. बाकी सगळं अर्धवट. घराचं दार कडीपर्यंत हिरवं, कडीखाली मूळचा सरकारी पिवळा. माठाच्या तिवईचे दोन पाय आरशासारखे गुळगुळीत आणि तिसरा कुसळांचा. कोणी विचारलंच, काका, झालं का, की ते मान तिरपी करून त्या वस्तूकडे बघत, डोळे बारीक करत आणि सांगत, "झालंच आहे. एक हात राहिलाय."

हात म्हणजे रंगाचा, रोगणाचा हात. हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आमच्या जिन्यात ते चलनात आलं होतं. पाण्याचा टँकर आला नाही, एक हात राहिलाय. रस्त्यावरचे दिवे उद्घाटनाच्या संध्याकाळी लागले आणि पुन्हा लागलेच नाहीत, एक हात राहिलाय. खरं म्हणजे त्या वर्षांत नव्याने वसणाऱ्या अख्ख्या नेरूळलाच ते शोभत होतं. नकाशात बाग होती, वाचनालय होतं, नाट्यगृहसुद्धा होतं. जमिनीवर मुरूम होता आणि खाडीवरून येणारा खारा वारा.

माणसं मात्र भरपूर आली होती. कोणी परळच्या चाळीतून, कोणी देशावरून, कोणी मराठवाड्यातून. आम्ही कोकणातले, बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात. नव्या बिऱ्हाडाला आधी आडनाव विचारायचं आणि मग साखर द्यायची की नाही ते ठरवायचं, अशी आमच्या इमारतीतल्या काही सुसंस्कृत कुटुंबांची पद्धत होती. डोपकाकांनी आमचं आडनाव कधी विचारलं नाही. हा त्यांचा मोठेपणा होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी कोणाचंच विचारलं नाही. माणसांत त्यांना रसच नव्हता. पण तेवढ्यापुरतं तरी त्यांच्या घरात आम्हाला बरं वाटे, हे खरं.

रस होता तो विमानात. आणि विमानामुळे नाव पडलं. लाकडाच्या सांगाड्यावर पातळ कागद चढवून त्याला जे रोगण लावतात त्याला डोप म्हणतात. त्याचा वास नखं रंगवायच्या रंगासारखा, त्यात सडायला आलेल्या केळ्याची भर. तो दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीतून निघे आणि गच्चीपर्यंत पोचे. सेक्रेटरी तक्रार घेऊन गेले आणि डोकं धरून परत आले. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्यांनी लिहिलं की इमारतीत उघडपणे डोप चालतं. ते वाचून की ऐकून, कोण जाणे, एक हवालदार येऊन गेला. काकांनी त्याला पंखाला बोट लावू दिलं नाही. चहा मात्र दिला.

विमान केवढं, तर दोन हात पसरले की पंख मावतील एवढं. बाल्सा नावाच्या लाकडाचं. हे लाकूड इतकं हलकं की हातात काही धरलंय असं वाटतच नाही. ते इथे कुठे मिळणार? काका मुंबईहून खाडीपूल ओलांडून बसने आणत, जुन्या चादरीत गुंडाळून, उभं धरून. कंडक्टर तिकीट फाडायला आला तरी त्याला म्हणत, टेकू नका हो. घरी ब्लेडने एकेक बरगडी कापायची, पॉलिश पेपरने घासायची, सांधायची. पुढे पेल्याएवढं डिझेलचं इंजिन. आणि हे विमान मोकळं उडत नाही, हे विशेष. डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघतात, त्या मधोमध उभ्या माणसाच्या हातातल्या हँडलला बांधलेल्या. हँडल तिरपं केलं की शेपटी हलते, विमान वर-खाली जातं, आणि माणूस त्याच्याबरोबर जागच्या जागी गरगर फिरतो. आकाशात जायचं, पण दावं घराजवळच. पगारदार माणसाच्या स्वातंत्र्याचं इतकं नेमकं चित्र मला कुठल्याही पत्रकात काढता आलं नाही.

मी पत्रकं लिहीत असे. नावापुरती कॉलेजात, पूर्णवेळ समितीत. पाणी, बस, दवाखाना, मैदान, जे नव्हतं त्याच्यासाठी समिती होती. एकदा मी सह्या घ्यायला काकांच्या घरी गेले, तर ते पंख घासत होते. म्हणाले, तिथेच थांब, चाललीस की धूळ उडते. मी दारातूनच अन्यायाचा पाढा वाचला. त्यांनी हात पुसून पत्रक घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, कागद छान आहे, अजून आहेत का? मला वाटलं, माणूस जागा झाला. मी गठ्ठा ठेवून आले. दुसऱ्या दिवशी बघते तर 'नागरिकांनो, आता तरी उठा' ही माझी ओळ विमानाच्या पोटाखाली आडवी पसरलेली, वर डोपचे थेंब.

मी चिडले, हे सांगायला नको. काका शांतपणे म्हणाले, "वाचलंय मी. हात सुकेपर्यंत बसावंच लागतं, म्हणून वाचलं. पण पुढारीणबाई, हे तू एकाच हातात उरकलंयस. खरखर लागते."

"अन्याय खरखरीतच असतो, काका."

"असेल. पण वाचणाऱ्याचं बोट का सोलायचं?"

त्यांची पद्धत अशी. डोपमध्ये टाल्कम पावडर कालवायची, तो लेप कागदावर द्यायचा, सुकला की पाण्याच्या पॉलिश पेपरने जवळजवळ सगळा काढून टाकायचा, मग पुन्हा द्यायचा. म्हणजे लावायचं ते काढण्यासाठी. पावडर काकूंची. काकू म्हणत, "माझ्या तोंडाला आजवर लागली नसेल एवढी त्या विमानाला लागलीय. आता मीच उडते, म्हणजे माझ्याकडे लक्ष जाईल." तर काका गंभीरपणे सांगत की तुझी सुगंधी आहे, ती नीट बसत नाही, पुढच्या वेळी साधी आण.

आणि वर खाडीची हवा. हवेत ओल असली की डोप सुकताना पांढरं पडतं, बुरशी आल्यासारखं. मग तो हात खरवडून काढायचा. आमच्याकडे हवेत ओल नसते असे दिवस शोधावे लागतात. त्यामुळे काका उठल्या उठल्या गॅलरीत येऊन हवा हुंगत आणि बहुतेक वेळा ब्रश परत ठेवत. पोरं विचारून दमली. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं की विमान उडत नसतं, ते फक्त चमकतं. मी तर सभेत जाहीरपणे बोलून बसले होते की समाजाच्या नळाला पाणी नाही आणि काही लोक लाकडाला पावडर लावत बसलेत. टाळ्या पडल्या. काका सभेला नव्हते. हवा कोरडी होती.

इमारतीच्या मागे, खाडीच्या बांधापर्यंत एक मैदान होतं. अजून आहे, ते कसं राहिलं तेच सांगते आहे. नकाशात त्यावर क्रीडांगण लिहिलेलं. एका सकाळी तिथे फलक लागला. सदर भूखंड वापरात आढळत नसल्याने तो मंगल कार्यालयासाठी देण्याचे विचाराधीन आहे, हरकती असल्यास पाहणीच्या वेळी मांडाव्यात. मासळी घेऊन येणाऱ्या, जुन्या नेरूळ गावातल्या मावशीला मी फलक वाचून दाखवला. तिने टोपली खाली न ठेवताच म्हटलं, "जमीन आमची व्हती, आन भांडन तुमचा. बरा हाय."

पाहणी ठेवली मे महिन्यात. आता मे महिन्यात नेरूळात असतं कोण? कोकणातले कोकणात, देशावरचे देशावर, मराठवाड्यातले लग्नांना. बॅटी माळ्यावर, पोरं आजोळी. मैदानात फक्त ऊन आणि एक खरजुलं कुत्रं. मैदानाचा वापर तपासायला हा महिना ज्याने निवडला त्याच्या बुद्धीला माझा मनापासून नमस्कार. आमच्या समितीत असा एक जरी माणूस असता! आमचे अध्यक्ष, मैदानासाठी रक्त सांडायला जे जानेवारीपासून तयार होते, ते मेहुण्याच्या लग्नाला परभणीला गेले. राहिले मी आणि सायक्लोस्टाइलची शाई.

आणि डोपकाका. ते मे महिन्यात गावी जात नसत. दुपारची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते म्हणून.

मी गेले आणि सरळ सांगितलं की पाहणीच्या दिवशी विमान मैदानावर फिरवा. माणसं नाहीत, निदान विमान तरी दिसू दे. काकांनी विमानाकडे बघितलं. ते त्या दिवशी इतकं गुळगुळीत होतं की त्यात गॅलरीचे गज दिसत होते. म्हणाले, "नाही जमायचं. एक हात राहिलाय."

मग मी बोलले. सामूहिक हक्क, आत्ममग्न मध्यमवर्ग, येणाऱ्या पिढ्या, सगळं. काका ब्रश डोपमध्ये बुडवत होते. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"कुठला हात राहिलाय ते मी सांगते तिला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. परळला चाळीत असताना काकांनी पहिलं विमान केलं होतं. अख्खी चाळ मैदानात बघायला आली होती. काकांनी मधोमध उभं राहून हँडल धरलं, ते उलटं. वरचा भाग खाली. विमान सुटलं, यांनी ते वर न्यायला मनगट वळवलं, आणि ते पहिल्याच फेरीत नाकावर जमिनीत गेलं. हँडल उलटं धरलं की वर म्हणजे खाली होतं. चाळ पुढे कित्येक दिवस जिन्यात यांना बघून मनगट वळवून दाखवायची.

"तेव्हापासून घासतायत," काकू म्हणाल्या. "उडालंच नाही तर पडायचा प्रश्न नाही. मी काही बोलत नाही. पण उद्या तिथे हॉल झाला की कुठे उडवणार आहात? वरातीवर?"

काकांचा ब्रश हातातच सुकून कडक झाला, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हॉल केवढा?"

म्हटलं, बांधापर्यंत.

ते गॅलरीच्या कठड्याशी गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी मैदानाकडे हवा हुंगण्यापलीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तारा मनात ताणून. "मग गोल बसणार नाही," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा, "गोल बसणारच नाही की." माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नाही ते या एका अडचणीने केलं. सही मात्र तेव्हाही केली नाही.

पाहणीच्या सकाळी साहेब जीपमधून आले, बरोबर मोजायची टेप घेतलेला एक मदतनीस. जीप आमच्या इमारतीच्या बाजूला उभी केली. मी पत्रकं छातीशी धरून पुढे झाले. साहेबांनी एक घेतलं, त्याने वारा घेतला आणि मैदान ओलांडून बांधाकडे चालत गेले. जाताना मदतनिसाला म्हणालेलं मला ऐकू आलं की इथे बघण्यासारखं काय आहे, लिही, वापर नाही.

तेवढ्यात काका आले. इस्त्रीची पँट, चादरीत गुंडाळलेलं विमान, आणि मागे हँडल घेऊन काकू. हँडलच्या वरच्या टोकाला काकूंनी कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं होतं. म्हणाल्या, "लाल वर. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही नको."

काकांनी तारा उलगडल्या, इंधन भरलं आणि मग एकदम गोंधळून उभे राहिले. हँडल धरायला ते स्वतः मधोमध हवेत, आणि विमान पकडून सोडायला कोणीतरी कडेला हवं. परळला सोडायला अख्खी चाळ होती; इथे एवढी वर्षं विमान घासताना ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुढारीणबाई, एक हात कमी पडतोय."

माझ्या दोन्ही हातांत पत्रकं होती. मी ती खाली ठेवली. वाऱ्याने ती नाल्यात नेली. आमच्या चळवळीचं वाङ्मय तिथेच जास्त वाचलं जात असावं. मी गुडघ्यावर बसून विमान धरलं. काकांनी पंख्याचं पातं बोटाने फिरवलं. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवलं, पात्याने बोट सडकलं. काकांनी बोट तोंडात घातलं, काढलं, पुन्हा फिरवलं. तिकडे साहेब बांधावरून घड्याळ बघत होते. मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवसाच्या निषेधाचा मथळा जुळवायला घेतला होता, आणि इंजिन लागलं.

तो आवाज कसा होता, तर हजार डास एका डब्यात कोंडल्यासारखा. उरलंसुरलं नेरूळ गॅलऱ्यांत आलं. काका धावत मधोमध गेले, हँडल उचललं, लाल टोक बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मान हलवली. मी सोडलं. विमान ढेकळांवरून उड्या मारत गेलं आणि मग उड्या थांबल्या. ते जमिनीवर नव्हतं.

काका फिरत होते. हात ताठ, नजर पंखावर, पावलं चुलीभोवती वावरणाऱ्या म्हातारीसारखी बारीक बारीक. सूर्य पंखावर दर फेरीला एकदा लखकन चमकत होता. तो सगळा त्या काढून टाकलेल्या हातांचा उजेड होता. लाकडाला पावडर लावणाऱ्यांवर मी केलेलं भाषण मला आठवलं. भाषण चांगलंच होतं.

मग माझं लक्ष साहेबांकडे गेलं. ते बांधाशी होते, जीप इकडे. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला बांधकामाचे खड्डे, आणि मध्ये सगळं मैदान विमानाने व्यापलेलं. मदतनीस दोन पावलं पुढे आला, विमान त्याच्याकडे आलं, तो खाली बसला. साहेबांनी हातवारे केले. काकांना ते दिसणं शक्य नव्हतं; फिरताना विमान सोडून दुसरीकडे बघितलं की भोवळ येते. आणि या विमानाला इंधन संपेपर्यंत थांबवायची सोय नसते. मी साहेबांना ओरडून तसं सांगितलं, अतिशय नम्रपणे. तर वापरात नसलेल्या त्या भूखंडावरून साहेबांना स्वतःच्या गाडीपर्यंत जाता येईना. ऊन वाढत होतं. साहेबांनी माझं पत्रक डोक्यावर धरलं होतं.

इंजिन बंद पडलं तेव्हा एकदम शांत झालं. विमान घसरत खाली आलं, चाक ढेकळाला अडलं आणि ते उलटं झालं. पातं तुटलं, डाव्या पंखाचा कागद फाटला. मी धावले. वाटलं, आता काका रडणार. काका भोवळीने झोकांड्या खात आले, बसले, फटीत बोट घालून चाचपलं. "बरगडी शाबूत आहे," म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे एक हात द्यावाच लागणार."

साहेब घामाघूम होऊन पोचले. त्यांनी विचारलं, "हे रोज असतं इथे?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं. काकांना खोटं बोलता येत नसे, कारण खोटं बोलायला समोरच्या माणसात थोडा रस लागतो. त्यांनी विमानावरून मानही वर केली नाही.

"तीन वर्षं चाललंय," ते म्हणाले.

अक्षरनअक्षर खरं. साहेबांनी मदतनिसाला लिहायला सांगितलं, वापर आहे. त्याने विचारलं, कुठला लिहू? साहेब जीपमध्ये बसत म्हणाले, "लिहा, हवाई."

मैदान वाचलं. म्हणजे फाइल कुठल्याशा टेबलावर पडून राहिली. आमच्याकडे जिंकणं म्हणजे इतकंच असतं. अध्यक्षांनी परभणीहून परतल्यावर विजयाची सभा घेतली आणि स्वतःचे आभार मानले. काका आले नाहीत. डाव्या पंखाला कागद चढवत होते. तो लेप ते पुढे निवृत्त होईपर्यंत लावत आणि काढत होते.

निवृत्तीनंतर ते कऱ्हाडकडे भावाच्या घरी गेले. ट्रकमध्ये अर्धवट दार सोडून सगळं चढलं, तीन पायांची तिवईसुद्धा. शेवटी काका चादर घेऊन आमच्या दारात आले. मी म्हटलं, हे ट्रकमध्ये पुढे ठेवा, दबणार नाही. ते म्हणाले, "तिकडे नेऊन काय करू? आमच्या दाराला ऊस टेकलाय. गोल इथे बसतो." चादर माझ्या हातात दिली, डोपचा डबा दिला, काकूंनी हँडल दिलं. जिना उतरताना काका अर्ध्यावर थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, एवढ्या वर्षांचं.

"डाव्या पंखाला एक हात राहिलाय," ते म्हणाले. "कोरड्या हवेत दे. घाई करू नकोस."

मी भर जुलैत दिला. व्हायचं तेच झालं. पंखावर तळहाताएवढा पांढरा डाग उठला. काका असते तर खरवडून काढायला लावला असता. मी तसाच ठेवला आहे. पत्रकं मात्र हल्ली सुकू देते. लिहून झालं की रात्रभर ठेवते आणि सकाळी निम्मं काढून टाकते. समितीतले म्हणतात, धार गेली. वाचणारे आता शेवटपर्यंत वाचतात, ते त्यांना सांगितलेलं नाही.

हे आज लिहायचं कारण, मैदानावर पुन्हा फलक लागला आहे. मजकूर तोच, फक्त साहेब नवे. पाहणी अर्थातच मे महिन्यात. नवं पातं बसवलं आहे, इंजिन खोकतं आहे. हँडलवरचं कुंकू पुसट झालं होतं. आमच्या घरात कुंकू नसतं, म्हणून समितीच्या भिंती रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका दिला आहे. मधोमध मी उभी राहीन, लाल वर धरून. अध्यक्ष लग्नाला जाणार आहेत. तुमच्यापैकी जे कोणी गावी जाणार नसाल त्यांना एवढंच सांगणं आहे, विमान धरून सोडायला एक हात राहिलाय.